दाताचा अपघात: डॉक्टरांकडे पोहोचेपर्यंतचा तास

घोडबंदर रस्त्याला लागून इमारती उभ्या राहिल्या, त्यांच्या तळमजल्यावर दाताचे दवाखानेही आले. पण मागच्या बाजूला, चेणे आणि काजूपाड्याच्या अंगाला, राष्ट्रीय उद्यानाच्या कडेने जे आदिवासी पाडे आहेत, तिथून आधी पायवाटेने रस्त्यावर यायचे, मग रिक्षा शोधायची, आणि गायमुख घाटात गाड्या तुंबल्या असल्या तर तास गेलाच म्हणून समजा. दात मुळासकट पडला असेल तर नेमका तोच तास मोलाचा असतो. आपल्यापैकी जे बंधुभगिनी पाड्यांवर भेटीला जातात, मुलांचे वर्ग घेतात, त्यांच्यासाठी मुख्यतः हे लिहीत आहोत.

खेळताना मूल पडले आणि पुढचा दात हातात आला, तर आधी मुलाचे वय पाहा. पहिलीच्याही आत असेल तर तो बहुधा दुधाचा दात. तो परत बसवायचा नसतो, कारण खाली वाढत असलेल्या पक्क्या दाताला इजा होते. पडलेला दात कौलांवर फेकायची आपली जुनी गंमत आहे, ती दुधाच्या दातापुरती ठीक. सात-आठ वर्षांनंतर पुढचा दात बहुतेक पक्का असतो. तो गेला तर पुन्हा येत नाही, म्हणून तो शोधायलाच हवा. मातीतून उचलताना वरचा पांढरा भाग धरा, मुळाला बोट लावू नका. मुळाभोवती जिवंत पेशींचा पातळ थर असतो, त्याच्याच जोरावर दात पुन्हा हाडाला धरतो. म्हणून घासणे, साबण लावणे, फडक्याने पुसणे नको. माती लागली असेल तर थंड पाण्याखाली क्षणभर धरा, आणि मूल शुद्धीवर व शांत असेल तर दात सरळ करून त्याच्या खोबणीत हलकेच बसवा. वर स्वच्छ रुमालाची घडी ठेवून दाबून धरायला सांगा.

हे धाडस होत नसेल तर दात दुधात बुडवून न्या. रस्त्यावरच्या कुठल्याही चहाच्या टपरीवर गार दूध मिळते, कपभर पुरे. साध्या पाण्यात ठेवू नका; पाण्यात त्या पेशी फुगून मरतात. कोरड्या कागदात गुंडाळलेला दातही वाया जातो. दूध नसेलच तर मुलाला पेल्यात थुंकायला सांगून त्या लाळेत दात ठेवावा. तासाभराच्या आत, आणि अर्ध्या तासात जमले तर फारच चांगले, दाताच्या डॉक्टरांपुढे पोहोचायचे. जखमेत माती गेली असेल तर धनुर्वाताच्या इंजेक्शनचेही विचारावे. मात्र डोक्याला मार लागला असेल, उलटी किंवा गुंगी येत असेल, तर दाताचा विचार नंतर, आधी रुग्णालय.

दाताचा तुकडा उडाला असेल तर तो जपून बरोबर घ्या, कधी कधी तो चिकटवता येतो. दात काढल्यावर रक्त थांबत नसेल तर स्वच्छ कापडाची जाड घडी त्या जागी ठेवून वीस-तीस मिनिटे सलग चावून धरावी. सारखे उघडून पाहणे आणि चुळा भरणे यानेच रक्त वाहत राहते.

सगळ्यात जास्त आढळते ती साधी दाढदुखी, आणि फसवीही तीच. रात्री ठणका लागतो, कोणी मिश्री लावते, कोणी तंबाखू नाहीतर चुना दाबून ठेवते. त्याने हिरडी बधिर होते किंवा भाजते, कीड तिथेच राहते. लवंग मात्र खरेच उपयोगी. तिच्या तेलातले द्रव्य डॉक्टरही वापरतात. दाढेखाली लवंग धरावी, कोमट मिठाच्या पाण्याने चुळा भराव्यात, पॅरासिटामॉल पाकिटावरच्या प्रमाणातच घ्यावी. गोळी हिरडीवर दाबून ठेवू नये. कोणाची तरी उरलेली अँटिबायोटिक तर नकोच.

सकाळी दुखणे थांबले की माणूस मजुरीला जातो. एक दिवसाचा रोज बुडवून दवाखान्यात का जायचे, हा त्याचा प्रश्न चुकीचा म्हणता येत नाही. पण ठणका अचानक थांबला तर पुष्कळदा आतली नस मेलेली असते आणि पू हाडाकडे सरकू लागलेला असतो. काही दिवसांनी गाल सुजतो. सुजेवर शेक देऊ नये, बाहेरून गार फडके ठेवावे आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. सूज हनुवटीखाली उतरली, तोंड उघडेना, गिळता येईना, ताप चढला किंवा सूज डोळ्याकडे गेली, तर रात्र असली तरी थांबायचे नाही. जिभेखालची सूज वाढून श्वासाची वाट बंद होऊ शकते, आणि माणूस दातापायी दगावतो. श्वासाला त्रास होत असेल तर लगेच १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा. भाईंदर पश्चिमेला पंडित भीमसेन जोशी रुग्णालय आहे, ठाण्याच्या बाजूला कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय.

दिवसाच्या, कमी खर्चाच्या उपचारासाठी मुंबई सेंट्रलचे नायर दंत महाविद्यालय आणि सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारातले शासकीय दंत महाविद्यालय आहे. एकट्या माणसाला तिथे जाऊन रांगेत उभे राहणे अवघड वाटते. सोबत कोणी गेले तर तो दुसऱ्या तारखेलाही जातो.