माल कोणाच्या हाती? बोईसर-तारापूर परिसरातील खेळण्यांचा किरकोळ व्यापार

‘माल’ या अरबी शब्दाचा मूळ अर्थ धन, संपत्ती असा आहे. ‘मालदार’ या शब्दात तो टिकून आहे. व्यापारी मराठीत विक्रीकरिता हाती असलेली वस्तू एवढाच अर्थ रूढ झाला. लहान दुकानदाराच्या बाबतीत हे दोन अर्थ पुन्हा एकत्र येतात, कारण त्याचे बहुतेक भांडवल मालातच गुंतलेले असते.

1969 साली तारापूरचे अणुविद्युत् केंद्र सुरू झाले. पुढे औद्योगिक वसाहत वाढली, आणि बोईसर हे नोकरदार कुटुंबांचे गाव बनले. 2014 साली पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. अशा वस्तीत खेळणी, कॅरम, बॅटी, पत्ते आणि वह्या एकाच फळीवर ठेवणारी दुकाने असतात. त्यांच्या मालाची मोठी पेठ मुंबईत, क्रॉफर्ड मार्केट व अब्दुल रहमान स्ट्रीटच्या परिसरात, म्हणजे सुमारे शंभर किलोमीटरांवर. 2013 साली उपनगरी गाडी डहाणूपर्यंत आल्याने ही खेप सुलभ झाली. तथापि त्याच गाडीने गिऱ्हाईकही मुंबईच्या भव्य दालनांत जाऊ लागले, हे विसरून चालणार नाही.

नामांकित कंपनीचा माल वितरकामार्फत लहान दुकानात येतो. साखळी दुकाने तो मोठ्या प्रमाणावर थेट कंपनीकडून उचलतात. साहजिकच त्यांस दर कमी पडतो, उधारीची मुदत अधिक मिळते, आणि मागणी असलेला नवा खेळ आधी त्यांच्याकडे पोहोचतो. टंचाईच्या दिवसांत ‘पुरवठा’ संपतो व ‘वाटप’ सुरू होते. त्या वेळी लहान दुकानदारास चालणाऱ्या मालाबरोबर न चालणारा मालही अनेकदा घ्यावा लागतो. दुकानी बोलीत ‘स्कीम’ म्हणजे योजना नव्हे, तर ठरावीक खरेदीवरील जादा नग किंवा सूट. ती ठरावीक खरेदीच ज्यास परवडत नाही त्याच्या दृष्टीने हा शब्द पोकळ होय.

हा तंटा केवळ खेळण्यांपुरता नाही. संघटित घाऊक विक्रेत्यांना स्वस्त आणि आपणांस महाग अशी तक्रार करून महाराष्ट्रातील वितरकांनी 2022 च्या आरंभी कोलगेटच्या काही उत्पादनांचा पुरवठा थांबविण्याचा पवित्रा घेतला होता. अमेरिकेत साखळी दुकानांच्या अशाच दबावातून 1936 साली रॉबिन्सन-पॅटमन कायदा झाला; स्पर्धक खरेदीदारांत दराचा भेद करून स्पर्धेस बाध आणण्यास त्याने मनाई केली. भारताच्या 2002 च्या स्पर्धा कायद्यात दरभेदाचा निषेध आहे, पण तो बाजारात वर्चस्व असलेल्या उद्योगापुरता. मोठ्या खरेदीवर मोठी सूट देणे एवढ्यानेच दोष सिद्ध होत नाही. लहान दुकानदारास या कायद्याचा आधार वाटतो तितका भक्कम नाही, असेच म्हणावे लागते.

त्याचे खरे शस्त्र निराळे होते: पेठेतून निवडून आणलेली स्वस्त, बिननावाची आयात खेळणी. 2020 साली खेळण्यांवरील आयातशुल्क 20 टक्क्यांवरून 60 टक्के, आणि 2023 साली 70 टक्के झाले. 1 जानेवारी 2021 पासून मानकचिन्हावाचून खेळणे विकणे बेकायदेशीर ठरले. मुलांच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने हा नियम इष्टच होता. परवाना उत्पादकाने घ्यावयाचा असला तरी चिन्हरहित माल आढळल्यास विक्रेताही जबाबदार ठरतो. जानेवारी 2023 मध्ये मोठ्या दालनांतूनही अशी हजारो खेळणी जप्त झाली. मोठ्या संस्थेस तो तोटा सोसतो. बोईसरच्या दुकानदाराचा मात्र एका दिवाळीचा सारा माल त्यात जाऊ शकतो.

नोंदणीकृत हस्तकारागिरांच्या वस्तूंस या नियमातून सूट आहे. नोंदणी असलेल्या सावंतवाडीच्या कारागिराची लाकडी खेळणी त्यामुळे लहान दुकानात ठेवता येतात, आणि तेथे वितरकाच्या वाटपाचा प्रश्नच उद्भवत नाही. मात्र असा माल बहुधा रोखीने घ्यावा लागतो.