मेंदूनं वाजवलेला ढोल

दोस्तांनो, वाद्य वाजवायचं म्हणजे हात हलवायला हवेत, नाहीतर फुंकर तरी मारायला हवी. हो ना? पण ५ मे १९६५ रोजी अमेरिकेतल्या ब्रँडाइस विद्यापीठात आल्विन लुसिए नावाचा संगीतकार खुर्चीवर डोळे मिटून नुसता बसला, आणि आजूबाजूचे ढोल, झांजा आपोआप थरथरू लागले!

ही जादू नव्हे. आपल्या मेंदूचं काम अगदी क्षीण विजेवर चालतं. जर्मन डॉक्टर हान्स बर्गर यांनी १९२४ साली ती वीज पहिल्यांदा नोंदवली. आपण जागे असून डोळे मिटून स्वस्थ बसलो, की या विजेच्या लाटा सेकंदाला साधारण ८ ते १३ वेळा उठतात. त्यांना म्हणतात अल्फा लहरी. लुसिएनं डोक्याला तारा जोडून त्या पकडल्या आणि यंत्रानं प्रचंड वाढवल्या. यासाठी एडमंड ड्यूअन या शास्त्रज्ञानं त्याला मदत केली.

आता गंमत बघा. सेकंदाला २० पेक्षा कमी कंपनं आपल्या कानाला ऐकूच येत नाहीत. मग? स्पीकरचा पडदा तर हलतोच! तो ढोलाला टेकवला, की ढोल बोलतो. (आडव्या ठेवलेल्या स्पीकरवर कागद पसरा, चिमूटभर रवा टाका आणि गाणं लावा, म्हणजे कळेल. डोक्याला तारा लावायचा उद्योग मात्र घरी मुळीच नको!)

खरी कसोटी वेगळीच होती. डोळे उघडले किंवा मनात आकडेमोड सुरू केली, की अल्फा लहरी गुल! समोर श्रोते बसलेत आणि आपण स्वस्थ राहायचंय. परीक्षेला जाताना आई म्हणते ना, "घाबरू नकोस", अन् नेमकी तेव्हाच छाती धडधडते, तसंच हे. लहरी आधी टेपवर घेऊन ठेवणं सोपं होतं. पण लुसिएला सगळं तिथल्या तिथं घडायला हवं होतं. कुठला ढोल कधी वाजेल हे स्वरलिपीत लिहिलेलं नव्हतं. त्यामुळे दर वेळी संगीत नवंच.

लुसिए २०२१ साली वारला. त्याआधी त्यानं आपलं रक्त काही कलावंतांना देऊन ठेवलं होतं. त्यातल्या पेशींपासून प्रयोगशाळेत मेंदूच्या पेशींचे चिमुकले गोळे वाढवले गेले. २०२५ साली ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या कलादालनात त्यांच्या विजेच्या इशाऱ्यांवर पितळी पत्रे वाजत होते. वाचताना माझ्या तर अंगावर काटाच आला!