ट्रामगाडी आणि चुंबकसूची

मुंबईच्या कुलाबा वेधशाळेंत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाचें मापन चाललें होतें. टांगलेल्या चुंबकाची दिशा किती ढळली, ओढ किती कमीजास्त झाली, हें तेथील निरीक्षक नेमानें टिपून ठेवीत. १८५९ सालीं सप्टेंबरच्या २ तारखेस सूर्यावरील उत्पातामुळें जें प्रचंड चुंबकीय वादळ झालें, त्याचीही नोंद या टिपणांत सांपडते. अशी ख्याति पावलेल्या वेधशाळेस आपलें चुंबकमापनाचें काम १९०४ मध्यें खाडीपलीकडे अलिबागेस कां न्यावें लागलें? कारण ऐकून नवल वाटेल. मुंबईच्या घोड्यांच्या ट्रामगाड्या लवकरच विजेवर धांवावयाच्या होत्या.

ट्रामगाडीचें आणि चुंबकसूचीचें वैर कसलें? त्याचें मूळ १८२० सालच्या एका प्रयोगांत आहे. डेन्मार्कमधील कोपनहेगन येथें ओर्स्टेड या प्राध्यापकास असें दिसून आलें कीं, तारेंतून विद्युत्प्रवाह सोडतांच जवळची चुंबकसूची आपली उत्तर दिशा सोडून वळते. तारेचा सूचीस स्पर्श नाहीं, तार लोखंडाची असावी असेंही नाहीं. तरी सूची वळते. मग मधल्या रिकाम्या जागेंत असें काय असतें?

या प्रश्नाचें उत्तर मायकेल फॅरेडे यानें ‘क्षेत्र’ या कल्पनेनें दिलें. कोरड्या केंसांवर घांसलेली फणी कागदाचे कपटे दुरूनच ओढते. कारण तिच्यावरील विद्युद्भारानें भोंवतालच्या जागेस एक गुण आणलेला असतो. तें विद्युत् क्षेत्र होय. कागदाखालीं लोहचुंबक धरून वर लोखंडाचा कीस पसरला, तर किसाच्या वांकड्या रेघा उमटतात. त्या चुंबकीय क्षेत्राची दिशा दाखवितात. ओर्स्टेडच्या प्रयोगाचा अर्थ असा कीं, हीं दोन क्षेत्रें परकीं नव्हेत. स्थिर भाराभोंवतीं केवळ विद्युत् क्षेत्र असतें. तोच भार वाहूं लागला कीं चुंबकीय क्षेत्रही उत्पन्न होतें. सरळ तारेभोंवतीं तें कंकणाकार असतें, आणि अंतर दुप्पट झालें कीं त्याचें बल निम्में होतें.

आतां थोडा हिशेब पाहूं. मुंबईच्या परिसरांत पृथ्वीच्या क्षेत्राचा क्षितिजसमांतर भाग सुमारें ३८ हजार नॅनोटेस्ला आहे. लांब सरळ तारेंतून १०० अँपिअर प्रवाह वाहत असेल, तर एक मीटरवर तिचें क्षेत्र २० हजार, शंभर मीटरवर २०० आणि एक किलोमीटरवर २० नॅनोटेस्ला भरतें. हा आंकडा क्षुल्लक वाटेल. परंतु पृथ्वीच्या क्षेत्रांत दिवसभरांत होणारा नेहमींचा फेरफार कांहीं दहा नॅनोटेस्लांचाच असतो, आणि तोच तर मोजावयाचा!

यावर कोणी म्हणेल कीं, ट्रामचा प्रवाह वरच्या तारेनें येतो व खालच्या रुळांनीं परत जातो. तेव्हां दोहोंचीं क्षेत्रें विरुद्ध असल्यानें दूर अंतरावर तीं एकमेकांस मारक ठरावींत. शंका रास्त आहे. पण रूळ जमिनीवर टेकलेले असतात. परतीच्या प्रवाहाचा कांहीं अंश जमिनींत झिरपून भलत्याच वाटांनीं जातो, आणि तेवढ्यापुरता हा मेळ बिघडतो. शिवाय गाडी निघाली, थांबली, चढण चढली कीं प्रवाह बदलतो. सूर्याचा परिणाम कोणता आणि ट्रामचा कोणता, हें मग सूचीकडे पाहून कसें ओळखावें?

त्या वेळीं वेधशाळेचे संचालक नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस हे होते. या पदावरील ते पहिले भारतीय. अलिबागची इमारत चुंबकत्वास न बाधणाऱ्या दगडाची बांधण्यांत आली व लोखंड कटाक्षानें टाळलें गेलें. परंतु खरी दूरदृष्टि पुढेंच आहे. नवी जागा मिळतांच जुनी लागलीच सोडली नाहीं. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणीं एकाच वेळीं मापन झालें. त्यामुळें दोन जागांतील फरक कळला आणि साठांहून अधिक वर्षांच्या नोंदींची मालिका तुटली नाहीं.

१९०७ मध्यें मुंबईंत विजेची ट्राम सुरू झाली आणि १९६४ मध्यें ती बंदही पडली. अलिबागचें मापन मात्र चालूच आहे. ज्यास प्रचीति हवी असेल त्यानें होकायंत्रावर उत्तर-दक्षिण तार धरून तिचीं टोंकें विजेरीच्या घटास क्षणभरच लावावींत. सूची हललेली दिसेल, आणि शहर सोडून जाण्यास वेधशाळेला काय कारण घडलें तें घरबसल्या उमगेल.