गाणे पोरांच्या गळ्यातले

मे महिना लागला की शाळेच्या खोल्यांना कुलूप पडते आणि गावातली पोरे मोकळी होतात. याच दिवसांत शहरांमध्ये बालनाट्य शिबिरांचे फलक झळकू लागतात. दहा-पंधरा दिवस खेळ, गाणी, अभिनय आणि शेवटच्या संध्याकाळी आई-वडिलांसमोर एक छोटेसे संगीत नाटक. आमच्या नायगावसारख्या तालुक्याच्या गावी असे शिबिर घ्यायचे म्हटले, तर लोक आधी विचारतात, ‘आपल्याकडे आहे काय त्यासाठी?’ या प्रश्नाचे उत्तर आज शोधायचे आहे.

मुलांनी गात-गात नाटक करणे आपल्याला नवे नाही. जुन्या संगीत नाटक मंडळ्यांत मुले लहान वयातच दाखल होत. ‘बालमोहन’ नावाची मंडळी तर बालनटांसाठीच ओळखली जाई. पुढे छोटा गंधर्व म्हणून गाजलेले सौदागर गोरे तिथे आले, तेव्हा दहा वर्षांच्या आसपासचे होते. पण तिथले नाटक मोठ्यांसाठी असे आणि मुलाच्या गळ्यावर मंडळीचे पोट चाले. मुलांसाठी नाटक हा विचार नेटाने रुजला तो नंतर. सुधा करमरकर यांनी अमेरिकेत जाऊन बालरंगभूमीचा अभ्यास केला आणि १९५९ साली मुंबईत ‘लिटल थिएटर’ उभे केले. त्याचे पहिले नाटक ‘मधुमंजिरी’ रत्नाकर मतकरी यांनी लिहिले होते. १९८६ साली डॉ. मोहन आगाशे यांच्या पुढाकाराने बर्लिनच्या ‘ग्रिप्स’ रंगभूमीची पद्धत पुण्यात आली. या नाटकांत राजा-राणी, राक्षस नाहीत. घरातली भांडणे, शाळेतली भीती, मोठ्यांचा अन्याय हे विषय असतात आणि ते गाण्यांतून हसत-खेळत पुढे येतात.

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात ‘स्टेजडोर मॅनॉर’ नावाचे निवासी शिबिर १९७५ पासून प्रसिद्ध आहे. तीन-तीन आठवड्यांच्या सत्रात मुले तिथे डझनभर नाटके बसवतात. आपल्याला जवळचे उदाहरण हवे असेल, तर म्हैसूरच्या ‘रंगायण’चा उन्हाळी ‘चिन्नर मेळा’ आहे. आणि त्याहून जवळचे म्हणजे ठाण्याचे. तिथे २०१४ साली मतकरींनी ‘वंचितांचा रंगमंच’ सुरू केला. वस्त्यांमधल्या मुलांनी आपल्याच आयुष्यातले प्रसंग घेऊन नाटिका रचल्या. नाटकाला आधी महागडे थिएटर लागते, ही समजूत त्या मुलांनी खोटी ठरवली.

आता शिबिरात नेमके होते काय, ते पाहू. चांगल्या शिबिरात पहिल्या दिवशी कुणाच्या हाती संहिता देत नाहीत. आधी टाळ्यांचे खेळ. एकाने ठेका धरायचा, बाकीच्यांनी उचलायचा. मग चालत-चालत तोच ठेका पायात आणायचा. मग एक सूर धरून सगळ्यांनी ‘आ’ लावायचा आणि शेजाऱ्याचा आवाज ऐकायचा. ऐकणे हा या सगळ्याचा पाया आहे. ‘हा बेसूर आहे’ म्हणून ज्या पोराला मागे बसवतात, त्याचा बहुतेक वेळा कान तयार झालेला नसतो, एवढेच. खरोखर सूर न कळणारी माणसे शंभरात अगदी थोडी. बाकीच्यांना आठवडाभर घोळक्यात गाऊ दिले, तर बराच फरक पडतो.

दुसरी गोष्ट पट्टीची. लहान मुला-मुलींचा आवाज बायकांच्या आवाजासारखा वरच्या पट्टीत सहज लागतो. बाराव्या-तेराव्या वर्षानंतर मुलांचा आवाज फुटू लागतो. स्वरयंत्र वाढते, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आणि बोलता-बोलता आवाज घसरतो. बाकीची पोरे हसतात. हसण्याच्या भीतीने कित्येक मुले या वयात गाणे कायमचे सोडतात. शिकवणाऱ्याने अशा वेळी त्याला ताणून वर गायला लावू नये. खालच्या सुरातली ओळ द्यावी, ढोलकीवर बसवावे, नाही तर गाण्याच्या मधले बोलणे द्यावे. पण गाण्याच्या बाहेर काढू नये.

इथेच मला एक आग्रह धरायचा आहे. हल्ली शिबिरात मोबाइलवरचा तयार ट्रॅक लावतात आणि मुलांना त्यावर नाचवतात. दिसते छान, मेहनतही कमी. पण यंत्र कुणासाठी थांबत नाही. एखादे पोर ओळ विसरले, की गाणे त्याला टाकून पुढे निघून जाते. पट्टीही यंत्राने ठरवलेली, पोराच्या गळ्याला झेपो न झेपो. पेटी वाजवणारा माणूस समोर असला, तर तो पोराच्या चेहऱ्याकडे पाहतो. ओळ अडली तर सूर धरून ठेवतो, आवाज चढेना तर पट्टी खाली घेतो. आणि असा माणूस शोधायला आम्हाला लांब जावे लागत नाही. आमच्याकडे गावोगावी भजनी मंडळ आहे. पेटी आहे, पखवाज आहे, टाळ आहेत. कव्वालीला साथ करणारे ढोलकवाले आहेत. शहरातल्या शिबिरांना जे पैसे देऊन आणावे लागते, ते इथे पारावर बसलेले आहे.

चालींचेही तसेच. पंचमीला झोक्यावर म्हणायची गाणी, जात्यावरच्या ओव्या, गोंधळ्याचा संबळ, वासुदेवाची फेरी, मोहरमच्या सवारीपुढची गाणी. या चालींवर मुले स्वतःचे शब्द बसवू शकतात. आमचा हा सीमेचा भाग. कुणाच्या घरी दखनी बोलतात, तांड्यावर गोरमाटी, बिलोली-देगलूरकडे तेलुगू. वर्गात उत्तर द्यायला उठताना मराठी अडखळते, म्हणून गप्प बसणारी मुले मी पाहिली आहेत. तीच मुले घोळक्यात गाताना सगळ्यांच्या बरोबर असतात. ठेक्यात घातलेला शब्द तोंडात लवकर बसतो. चार दिवस गायलेली ओळ पाचव्या दिवशी संवाद म्हणून बोलायला जड जात नाही.

मे महिन्याचे आणखी एक महत्त्व आहे. ऊसतोडीला गेलेली घरे याच सुमारास गावात परतलेली असतात. त्या घरांतल्या कित्येक मुलांची वर्षातली महिनोन्‌महिने शाळा बुडालेली असते. शिबिरात त्यांना कुणी ‘कितवीत आहेस?’ म्हणून विचारू नये. फडातली पहाट, बैलगाडी, कोपीतला पाऊस हे त्यांना ठाऊक आहे, बाकीच्यांना नाही. नाटकाला गोष्ट हवी असते आणि ती या मुलांकडे आहे. जूनमध्ये शाळा उघडेल तेव्हा वर्गात त्यांची ओळख ‘गैरहजर’ म्हणून असणार, की ‘ते गाणे रचणारा’ म्हणून, हे या दहा दिवसांत ठरू शकते.

खर्चाचे म्हणाल, तर शाळेची एक खोली, पाण्याचे दोन रांजण आणि सकाळची वेळ पुरे. आमच्याकडे पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो. तेव्हा सात ते साडेनऊ, त्यापुढे एकही पोर उन्हात नको. मुलींना पाठवायला घरचे कचरतात, म्हणून एक बाई शिकवायला हव्यातच. शेवटच्या दिवशी बक्षिसे नकोत. पहिला-दुसरा आला की बाकीचे हरतात, आणि संगीत नाटकात मागे उभा राहून झील धरणाराही तितकाच लागतो. ज्यांना पुढे जायचे आहे त्यांच्यासाठी सांस्कृतिक कार्य संचालनालयाची राज्य बालनाट्य स्पर्धा आहेच.

तेव्हा येत्या मे महिन्यात शाळेच्या मास्तरांनी आणि भजनी मंडळाच्या पेटीवाल्या काकांनी एकदा एकत्र बसावे. वीस पोरे गोळा करावीत आणि पहिल्या दिवशी नुसत्या टाळ्यांपासून सुरुवात करावी.