निळ्या उजेडावर आळ

चष्मा करायला गेलं की हल्ली नंबराच्या आधी निळा उजेड अडवणाऱ्या ‘ब्लू कट’ काचेचा विषय निघतो. मोबाइलच्या निळ्या उजेडाने डोळ्याचा पडदा जळतो, ही धास्ती बीड शहरातून पार आष्टी-पाटोद्यापर्यंत पोचली आहे.

पण निळा उजेड काही मोबाइलने आणलेला नाही. बालाघाटच्या माळावर भर दुपारी उभ्या माणसाच्या डोळ्यांवर स्क्रीनच्या शेकडो पट उजेड येतो, निळ्यासकट. स्क्रीनमुळे पडदा खराब होतो याला पुरावा नाही. मोतीबिंदूही मोबाइलने होत नाही. त्याला कारण वय, मधुमेह, तंबाखू आणि उन्हातले अतिनील किरण. दिवसभर उसाच्या फडात राबणाऱ्याला ब्लू कटपेक्षा रुंद काठाची टोपी जास्त कामाची.

मग डोळे चुरचुरतात कशाने? पापणी लवत नाही म्हणून. एरवी मिनिटाला पंधराएक वेळा लवणारी पापणी स्क्रीनपुढे निम्म्यावर येते आणि डोळ्यावरचा ओलावा सुकतो. त्यात मराठवाड्याची कोरडी हवा आणि थेट तोंडावर सोडलेला कूलर! काचेला रंग देऊन हे कसं थांबावं? २०२३ मध्ये कोक्रेन संस्थेने १७ चाचण्या एकत्र तपासल्या. डोळ्यांचा शीण कमी करण्यात ब्लू कट साध्या काचेहून सरस ठरली नाही. त्यापेक्षा दर वीस मिनिटांनी वीस सेकंद दारातल्या लिंबाकडे बघावं. पोरांना तर रोज उन्हं कलल्यावर बाहेर खेळायला सोडावं. मोकळ्यावर खेळणाऱ्यांना लांबचा नंबर लागण्याचं प्रमाण कमी असतं.

झोपेबाबत मात्र आळ अगदीच खोटा नाही. डोळ्यातल्या काही पेशी निळसर उजेडावरून दिवस ओळखतात आणि झोपेचं मेलाटोनिन रोखून धरतात. पण २०१५ च्या अमेरिकी प्रयोगात रात्री चार तास उजळ स्क्रीनवर वाचणाऱ्यांना छापील पुस्तक वाचणाऱ्यांपेक्षा झोप लागायला सुमारे दहा मिनिटंच जास्त लागली. बाकीची झोप रील खातात, आणि पिवळा मोड लावला तरी रील ती रीलच. रात्रीच्या लाइटीवर दारं धरायला जाणाऱ्या शेतकऱ्याची गोष्ट वेगळी. त्याची झोप विजेच्या पाळीने नेली.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवायला सुरुवात केली. आपल्या घरी भोंगा नको. झोपताना फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावला तरी पुरे. गजराचं निमित्त सांगाल, तर गजराचं घड्याळ बहुधा ब्लू कटपेक्षा स्वस्तच पडेल.