भर दुपारचा ध्रुवीय प्रकाश

स्वालबार्ड बेटांवरच्या न्यू-ऑलेसुंदला डिसेंबरात सूर्य उगवतच नाही. घड्याळात दुपारचे बारा वाजत येतात, बाहेर मात्र रात्रच. आणि त्याच सुमारास कधीकधी आकाशात एक मंद तांबूस पट्टा उमटतो. भारताचे हिमाद्री केंद्र २००८ पासून याच वस्तीत आहे. मध्यरात्रीच्या हिरव्या झगमगाटापुढे हा पट्टा अगदीच गरीब. पण सौरवारा पृथ्वीच्या चुंबकावरणात शिरतो कसा, ही हकीकत त्याच्याकडूनच ऐकावी लागते. त्याचा तांबडेपणा बोलका आहे. तो उजळवणारे इलेक्ट्रॉन कमी ऊर्जेचे असतात. दोनशे-अडीचशे किलोमीटर उंचीवरच ते थबकतात आणि तिथल्या ऑक्सिजनच्या अणूंकडून ६३० नॅनोमीटरचा प्रकाश काढून घेतात. रात्रीचे इलेक्ट्रॉन चुंबकावरणाच्या शेपटीतून वेग घेऊन खोलवर उतरतात. दुपारचे मात्र सौरवाऱ्यातून फारसे न बदलता आलेले, थेट पाहुणे.

हे पाहुणे येतात कुठून? ठरलेले उत्तर असे, की ध्रुवांजवळ चुंबकीय रेषा आत वळतात, तिथे कवचाला नरसाळ्यासारखे भोक राहते आणि सौरवारा त्यातून ओघळतो. हे अगदीच निराधार नाही. चॅपमन आणि फेरारो यांनी १९३०च्या सुमारास मांडलेल्या चित्रात दोन्ही गोलार्धांत क्षेत्र शून्य होणारी एकेक जागा होतीच, आणि १९७१ मध्ये आयसिस-१ व इम्प-५ या उपग्रहांच्या नोंदींत ध्रुवाजवळच्या त्या भागात, म्हणजे कस्पमध्ये, सौरवाऱ्याचा प्लाझ्मा सापडला. माझा आक्षेप एवढाच, की नरसाळे दाराची जागा चुकीची दाखवते. दार उघडते ते चुंबकावरणाच्या साठ-पासष्ट हजार किलोमीटरवरच्या सीमेवर. जेम्स डंगी यांनी १९६१ मध्ये सांगितले, की सौरवाऱ्याचे चुंबकीय क्षेत्र दक्षिणेकडे वळलेले असले की सीमेवर ते पृथ्वीच्या क्षेत्राच्या उलट पडते. रेषा तुटतात आणि परक्या रेषांशी जुळतात. ऑक्टोबर २०१५ मध्ये एमएमएस मोहिमेचे चार उपग्रह अशा जोडणीच्या ऐन गाभ्यातून गेले.

पुरावा कस्पमध्येच विखुरलेला आहे. खळ्यात धान्य उफणताना दाणे पायाशी पडतात आणि भुसा वाऱ्यासरशी लांब जातो, तसे काहीसे इथे घडते. चौपट ऊर्जेचा प्रोटॉन दुप्पट वेगाने येतो, म्हणून दार उघडल्यावर आधी पोचतो. मागचे सावकाश प्रोटॉन येईपर्यंत त्यांची रेषा सौरवाऱ्याने ध्रुवाकडे ओढलेली असते. त्यामुळे ध्रुवाकडे निघालेल्या उपग्रहाला प्रोटॉनांची ऊर्जा पायरीपायरीने उतरताना दिसते. साधे भोक असते तर वेगवान आणि मंद प्रोटॉन सगळीकडे मिसळलेले मिळाले असते.

यावर कोणी म्हणेल, क्षेत्र उत्तरेकडे वळले की डंगीचे दार मिटायला हवे. तरी कस्प नाहीसा होत नाही, तेव्हा नरसाळेच खरे. पण अशा वेळी तो क्रम उलटा होतो. जोडणी कस्पच्या मागच्या, शेपटीकडच्या बाजूला सरकलेली असते. १८ मार्च २००२ रोजी इमेज उपग्रहाने प्रोटॉनांनी उजळलेला एक ठिपका काही तास सलग पाहिला, आणि त्याला जोडलेल्या रेषांवर क्लस्टर उपग्रहांना जोडणीतून सुटणारे प्लाझ्माचे झोत भेटले. क्षेत्र उत्तरेकडेच होते. दुसरी हरकत मला मान्य आहे. चुंबकावरणाच्या कुशींवर भोवरे उठतात आणि त्यांतूनही प्लाझ्मा झिरपतो, हे २००४ मध्ये क्लस्टरच्याच नोंदींतून पुढे आले. दार एकच आहे, असा हट्ट धरण्यात अर्थ नाही; नरसाळ्याला मात्र या भोवऱ्यांचा काहीच आधार मिळत नाही.

तिसरी हरकत अधिक अवघड, आणि खरे तर गमतीची. मोठ्या चुंबकीय वादळात पृथ्वीभोवतीच्या प्रवाहात एकच इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजन भरपूर आढळतो. सौरवाऱ्यातला ऑक्सिजन सहा-सात इलेक्ट्रॉन गमावून बसलेला असतो. म्हणजे हा माल घरचाच, आपल्या आयनांबरातला! कस्पमध्ये शिरणारा प्लाझ्मा तिथल्या वायूला तापवतो आणि तो कारंज्यासारखा वर उसळतो. ज्या वाटेने पाहुणे येतात त्याच वाटेने घरचे बाहेर पडतात. 'सौरवारा शिरतो' ही म्हणूनच निम्मी गोष्ट.

दार सलग उघडे राहते की उघडझाप करते, हा वाद एकट्या उपग्रहाने मिटत नाही. सेकंदाला सात-साडेसात किलोमीटर वेगाने जाताना त्याला ऊर्जेची पायरी दिसते, पण ती जागेतली की काळातली, हे त्याला सांगता येत नाही. जुलै २०२५ मध्ये सोडलेल्या ट्रेसर्स मोहिमेत म्हणूनच दोन उपग्रह एका कक्षेत मागोमाग फिरावेत असा बेत आखला होता. पुढच्याला दिसलेली पायरी मागच्यालाही त्याच ठिकाणी भेटली तर ती जागेतली. तेवढ्यात सरकलेली आढळली तर काळातली.