चौक नवा करताना सावली विसरू नका

मे महिन्यातली दुपार. वाशीम जिल्ह्यातल्या रिसोड तालुक्यातील रिठदसारख्या एखाद्या मोठ्या गावाचा चौक डोळ्यांसमोर आणा. एसटीची वाट पाहणारी म्हातारी, तपासणीसाठी निघालेली गरोदर बाई, शेतातून परतलेले मजूर. ही माणसे चौकात कुठे उभी राहतात? जिथे सावली असेल तिथे. चौकाच्या कामावर किती लाख खर्च झाले, याच्याशी त्यांना देणेघेणे नसते.

गावाचा मध्यभाग सुधारण्यासाठी सरकारी निधी आला की कामांची यादी बहुतेक ठिकाणी ठरलेली असते. सिमेंट रस्ता, पेव्हर ब्लॉक, प्रवेशद्वाराची कमान, हायमास्ट दिवा. यात वावगे काही नाही. काळ्या मातीच्या गावात पावसाळाभर चिखल तुडवलेल्या माणसाला सिमेंट रस्त्याची किंमत सांगावी लागत नाही. पण चौकातली जमीन झाकली गेली की तिथली उष्णता, पाणी आणि डास यांचे गणितही बदलते. म्हणूनच हे काम जितके बांधकामाचे, तितकेच आरोग्याचे आहे.

सिमेंट तापते, रात्रीही निवत नाही

ओलसर माती आणि झाडाची पाने उन्हाची बरीच उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च करतात, त्यामुळे आसपासची हवा थोडी थंड राहते. सिमेंट आणि डांबरात ओलावा नसतो. ते दिवसभर उष्णता साठवतात आणि सूर्य मावळल्यावर ती हळूहळू बाहेर सोडतात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या माहितीनुसार, भर उन्हातल्या पृष्ठभागापेक्षा सावलीतला पृष्ठभाग ११ ते २५ अंश सेल्सिअसने थंड असू शकतो.

उन्हात उभ्या माणसाला डोक्यावरचा सूर्य आणि पायाखालची तापलेली जमीन अशा दोन्ही बाजूंनी उष्णता लागते. शरीर घामावाटे ती बाहेर टाकते. त्यासाठी हृदयाला जास्त काम करावे लागते आणि पाणी व क्षार कमी होतात. रात्री हवा गार झाली तर शरीर सावरते. रात्रही उकाड्याची गेली तर ताण दुसऱ्या दिवसावर चढत जातो. वृद्ध, लहान मुले, गरोदर स्त्रिया, हृदयरोगी आणि उन्हात राबणारे मजूर यांना त्याचा धोका अधिक.

हा धोका किती मोठा असतो, हे अहमदाबादने पाहिले आहे. मे २०१० च्या उष्णतेच्या लाटेत तिथे नेहमीपेक्षा सुमारे १,३४० मृत्यू जास्त झाल्याचे अभ्यासातून पुढे आले. त्यानंतर २०१३ मध्ये त्या शहराने उष्णतेचा कृती आराखडा तयार केला. उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जाणाऱ्या विदर्भातल्या गावांनीही त्यातून धडा घ्यायला हवा.

झाडाच्या बुंध्याला श्वास हवा

चौकातला जुना लिंब किंवा पिंपळ न तोडता ठेवला, तरी बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवले की मुळांना हवा आणि पाणी मिळत नाही. झाड हळूहळू वाळते किंवा वादळात उन्मळते. दिल्लीतील झाडांबाबत राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये बुंध्याभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता. आपल्या गावाने एवढी जागा मोकळी सोडायला आदेशाची वाट कशाला पाहावी?

पाणी कुठे जाणार?

रस्ता सिमेंटचा झाला, पण उतार चुकला आणि गटार उघडेच राहिले, तर सांडपाणी साचते. क्युलेक्स डास अशाच घाण पाण्यात वाढतो आणि हत्तीरोग पसरवतो. नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णी गावाने यावर साधा उपाय केला. घरोघरी शोषखड्डे घेऊन सांडपाणी जमिनीत जिरवले. उघड्या गटारांची गरज संपली आणि डास कमी झाले. पुढे रोजगार हमीच्या निधीतून जिल्हाभर असे हजारो खड्डे झाले. काळी माती पाणी सावकाश जिरवते, म्हणून खड्डा मुरमापर्यंत जायला हवा, हे मात्र आपल्याकडे लक्षात ठेवावे लागेल.

पैसा आहे, मागणी हवी

पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी ग्रामीण स्थानिक संस्थांच्या अनुदानातील ६० टक्के रक्कम बंधित ठेवली. त्यातली निम्मी स्वच्छतेसाठी आणि निम्मी पिण्याचे पाणी, पावसाचे पाणी साठवणे व पाण्याचा पुनर्वापर यांसाठी. उरलेले ४० टक्के गावाच्या गरजेनुसार वापरण्यासाठी होते. म्हणजे गटार आणि शोषखड्डे हे कमानीच्या पैशातून काढायचे काम नव्हे. त्यासाठी वेगळी तरतूद असते. गावाचा विकास आराखडा ग्रामसभेत मंजूर होतो. तिथे पुढील प्रश्न जरूर विचारा :

• चौकातले एकही मोठे झाड तोडले जाणार नाही ना? बुंध्याभोवती मोकळी जागा सोडली आहे का?
• एसटी थांब्याच्या शेडवर नुसता पत्रा आहे, की खालून उष्णतारोधक थर आणि वारा जायला वाट?
• गाड्या जात नाहीत तिथे सिमेंट कशाला? मुरूम, फरशीच्या रुंद फटी किंवा झाडे चालतील का?
• पावसाचे आणि घरांचे पाणी नेमके कुठे जाणार, हे नकाशावर दाखवले आहे का?
• चौकात पिण्याच्या पाण्याची सोय आहे का?

आणि यंदाच्या उन्हाळ्यापुरते एवढे लक्षात ठेवा. उन्हात कोणी भोवळ येऊन पडले, असंबद्ध बोलू लागले किंवा अंग चटका बसेल इतके तापले, तर त्याला लगेच सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी शिंपडून वारा घाला आणि १०८ वर फोन करा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

आपल्या जुन्या गावांत चौकाच्या मधोमध झाड आणि त्याभोवती पार असे. गप्पा, पंचायत, वाटसरूचा विसावा, सारे त्याच सावलीत चाले. नव्या चौकात दिवे आणि फरशी जरूर असावी. पण भर दुपारी तिथे म्हातारी निवांत बसू शकली, तरच पैसा कामी लागला म्हणायचे.